चावडीवर न वाचलेला जमाखर्च

माझा मावसभाऊ 2010 साली न्यू जर्सीत नोकरीला होता. त्या जानेवारीत तिथल्या टीव्हीवर एक आवाहन सारखं चालू असायचं. 90999 या क्रमांकावर ‘हैती’ एवढा एकच शब्द पाठवा, दहा डॉलर तुमच्या फोनच्या बिलात लागतील आणि अमेरिकन रेड क्रॉसकडे जमा होतील. त्याने तो शब्द पाठवला. दुसऱ्या दिवशी बायकोच्या फोनवरूनही पाठवला. आम्ही मूळचे औसा तालुक्यातले, त्यामुळे हैतीतल्या भूकंपाची दृश्यं बघून त्याला राहवलं नाही यात नवल नव्हतं. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, गणपती बुडवून आलेली माणसं नुकती कुठे आडवी झाली होती, तेव्हा भूकंपाने किल्लारी आणि आसपासच्या गावांतली माळवदं खाली बसली. हा तेव्हा सतरा वर्षांचा. कॉलेजच्या मुलांबरोबर ढिगारे उपसायला गेला होता. दगडमातीच्या जाड भिंतीखालून माणूस कसा निघतो, ते त्याने स्वतःच्या हातांनी अनुभवलं होतं.

पाच वर्षांनी, जून 2015 मध्ये, गाडी चालवता चालवता त्याने रेडिओवर एक वार्तापत्र ऐकलं आणि रात्री मला फोन केला. “दादा, आपले ते दहा डॉलर कुठं गेले रे?”

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून मी हा विषय वाचत आणि विचारत आलो आहे. त्याचा प्रश्न बरोबर होता, पण अर्धाच होता, हे कळायला मला बराच वेळ लागला.

हैतीतला भूकंप झाला 12 जानेवारी 2010 रोजी, दुपारी 4 वाजून 53 मिनिटांनी. तीव्रता 7. केंद्र राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सपासून जेमतेम 25 किलोमीटरवर, लेओगान गावाजवळ. किती माणसं गेली याचा आकडा आजही एकमताने सांगता येत नाही. हैती सरकारने तो तीन लाखांच्या वर सांगितला, दुसरे काही अंदाज त्याच्या निम्म्याहूनही कमी आहेत. बेघर झालेले सुमारे पंधरा लाख. जगभरातून पैशांचा ओघ सुरू झाला, आणि एकट्या अमेरिकन रेड क्रॉसकडे सुमारे 48 कोटी 80 लाख डॉलर जमले. त्यातले तीन कोटींहून जास्त डॉलर माझ्या भावासारख्यांनी दहा-दहा करून फोनवरून पाठवलेले होते.

त्याने रेडिओवर ऐकलं ते एनपीआर आणि प्रोपब्लिका या दोन वृत्तसंस्थांनी मिळून केलेलं शोधकाम होतं. त्यातला एक आकडा जगभर गाजला, तो म्हणजे सहा. एवढ्या पैशांतून अमेरिकन रेड क्रॉसने हैतीत बांधलेली कायमची घरं फक्त सहा.

पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये कांपेश नावाची डोंगरउतारावरची वस्ती आहे. तिच्यासाठी रेड क्रॉसने 2 कोटी 40 लाख डॉलरचा प्रकल्प आखला होता. त्याचं नाव होतं ‘लामिका’, ‘माझ्या वस्तीत चांगलं जगणं’ अशा अर्थाच्या क्रेओल शब्दांची आद्याक्षरं जुळवून केलेलं. शेकडो पक्की घरं उभी राहायची होती. पत्रकार तिथे गेले तेव्हा एकही झालेलं नव्हतं. गंजक्या पत्र्यांच्या खोल्या, प्यायचं पाणी नाही, वीज नाही, पाऊस आला की घरात शिरलेला चिखल भांड्यांनी उपसून बाहेर टाकायचा. अशा घरात एक पावसाळा काढणं म्हणजे काय, हे किल्लारीनंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेल्या आमच्याकडच्या लोकांना समजावून सांगावं लागणार नाही.

संस्थेची बाजूही खरी आहे, ती सांगितली पाहिजे. हैतीत जमिनीची कागदपत्रं धड नसतात, एकाच तुकड्यावर तिघांचा दावा असतो, आणि मालकी ठरल्याशिवाय घर बांधायचं कुठे, असा प्रश्न होता. पण त्याच अडचणीतून वाट काढत इतर संस्थांनी मिळून नऊ हजारांच्या आसपास घरं बांधली. शिवाय रेड क्रॉसने पैसे फक्त घरांवर खर्च केले नव्हते. भूकंपानंतरच्या पहिल्या महिन्यांत अन्न, पाणी, तंबू, औषधं पोचवली, इस्पितळांना मदत केली, आणि त्याने जीव वाचले. मला तो सहाचा आकडा एवढा महत्त्वाचा वाटत नाही. त्याच्या शेजारचा एक आकडा वाटतो.

तो आकडा एक लाख तीस हजारांचा. एवढ्या लोकांना आम्ही घरं मिळवून दिली, असं संस्था जाहीरपणे सांगत होती. पत्रकारांनी तो उकलला. त्यात आपलं घर आपणच दुरुस्त कसं करावं याच्या वर्गाला बसलेली माणसं होती. काही महिन्यांचं भाडं मिळालेली माणसं होती. काही वर्षं टिकतील अशा तात्पुरत्या निवाऱ्यात गेलेली हजारो माणसं होती. यातलं प्रत्येक काम करण्यासारखंच होतं. पण घर मिळालं असं कोणाला म्हणायचं, हे ज्याला घर मिळायचं त्याला विचारलं असतं, तर कांपेशमधल्या कोणत्याही बाईने ते चुटकीसरशी सांगितलं असतं. तिला कोणी विचारलं नाही. तो आकडा तिच्यासाठी लिहिलेलाच नव्हता. तो माझ्या भावासाठी लिहिलेला होता.

खर्चाच्या टक्केवारीचंही तेच झालं. संस्थेच्या प्रमुख गेल मॅकगव्हर्न यांनी सांगितलं होतं की दर डॉलरमागचे नऊ सेंट व्यवस्थापनाला लागतात, उरलेले 91 सेंट हैतीला जातात. बाजार समितीत सोयाबीन घातलेल्या माणसाला यातली गोम लगेच कळेल. हमाली, तोलाई, अडत यांतली एकच कपात दाखवली आणि बाकीच्या दुसऱ्याच्या पावतीवर गेल्या, तर पट्टी भरघोस दिसते. रेड क्रॉस आपले नऊ सेंट घेऊन रक्कम दुसऱ्या संस्थेला द्यायची. ती संस्था आपला व्यवस्थापनखर्च वेगळा काढायची. शिवाय रेड क्रॉसचा स्वतःचा आणखी काही खर्च ‘कार्यक्रमा’च्या खात्यावर पडायचा. आयोवाचे सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी वर्षभर पत्रव्यवहार करून जून 2016 मध्ये अहवाल काढला. त्यानुसार जवळजवळ साडेबारा कोटी डॉलर, म्हणजे चारातला एक डॉलर, संस्थेच्या अंतर्गत खर्चात गेला होता. त्याआधी 2014 साली अमेरिकन सरकारची हिशेब तपासणारी यंत्रणा या संस्थेची चौकशी करत होती, तेव्हा ती थांबवावी म्हणून मॅकगव्हर्न यांनी एका खासदाराला गळ घातली होती. त्याच वर्षी, सँडी वादळासाठी जमलेले पैसे कसे खर्च झाले याचे काही तपशील हे आमचं व्यावसायिक गुपित आहेत, असं संस्थेच्या वकिलांनी न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाला कळवलं. दानाच्या पैशांचा विनियोग गुपित कसा असू शकतो? मला हा शब्द वाचून जेवढं वाईट वाटलं, तेवढं त्या सहा घरांनीही वाटलं नव्हतं.

खर्च वाढण्याचं एक कारण अगदी साधं होतं. घरबांधणीच्या एका परदेशी व्यवस्थापकावर पगार, राहणं, जेवण, सुट्टीत घरी जाण्याचा प्रवास धरून वर्षाला 1 लाख 40 हजार डॉलर लागत. हैतीयन वरिष्ठ अभियंता 42 हजारांत मिळत होता. क्रेओल त्याची मातृभाषा, गल्ल्या त्याच्या पायाखालच्या, जमिनीच्या भांडणातलं कोण खरं आणि कोण खोटं हे त्याला चार दिवसांत कळलं असतं.

भाषेची गोष्ट मी मुद्दाम थोडी लांबवतो. भूकंपानंतर मदतीचं सगळं संयोजन विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर चालायचं. पाणी, निवारा, आरोग्य अशा एकेका विषयाच्या बैठका तिथे रोज भरत. त्या बहुतेक इंग्रजीत चालत. हैतीयन संस्थांच्या माणसांना आधी फाटकावर ओळखपत्रासाठी अडवलं जायचं, आणि आत गेलेल्यांना समोर काय चाललंय ते कळायचं नाही. स्वतःच्या गावात, स्वतःच्या मेलेल्या माणसांबद्दल चाललेल्या बैठकीत. किल्लारीच्या वेळी औशाच्या तहसीलमधल्या बैठका कोणी फ्रेंचमध्ये घेतल्या असत्या, तर आमच्या सरपंचांनी काय केलं असतं, याची कल्पना मी करून बघितली आहे. ते उठून बाहेर आले असते आणि पारावर दुसरी बैठक भरवली असती. हैतीत तसंच झालं, फक्त त्या पाराकडे पैसा गेला नाही. सरकारांनी जाहीर केलेल्या आपत्कालीन मदतीतला अवघा एक टक्का हैतीच्या सरकारच्या हाती पडला, आणि स्थानिक संस्थांना मिळालेला वाटा त्याहूनही कमी. सगळ्यात मोठा भाग, एक तृतीयांशाहून जास्त, देणाऱ्या देशांच्या स्वतःच्याच लष्करी आणि नागरी यंत्रणांकडे गेला.

भावाचा प्रश्न अर्धाच होता असं मी म्हटलं, ते यासाठी. देणारा विचारतो, माझे पैसे कुठे गेले. त्याला उत्तर मिळावं म्हणून जगभर कायदे आहेत. अमेरिकेत धर्मादाय संस्थांना दर वर्षी आयकर खात्याकडे नऊशे नव्वद क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो आणि तो कोणालाही बघता येतो. इंग्लंडमध्ये चॅरिटी कमिशन आहे. आपल्याकडे 1950च्या विश्वस्त कायद्याने नेमलेले धर्मादाय आयुक्त आहेत. या सगळ्या वाटा वर जातात, देणाऱ्याकडे किंवा सरकारकडे. ज्याच्या नावाने वर्गणी काढली त्याच्या दारात जमाखर्च वाचला पाहिजे, असं यांतला एकही कायदा म्हणत नाही. आपल्याला चावडीवाचन माहीत आहे. कोणाच्या नावावर किती जमीन, फेरफार कोणता झाला, हे गावासमोर मोठ्याने वाचायचं, म्हणजे ज्याचं चुकलंय तो तिथल्या तिथे उठून बोलेल. कांपेशच्या लामिकाचा हिशेब वॉशिंग्टनमध्ये वाचला गेला, कांपेशमध्ये नाही.

वाट एकाच दिशेने असली की काय होतं, त्याचं सगळ्यात बोचरं उदाहरणही हैतीतलंच आहे. ऑक्सफॅम जीबीच्या तिथल्या काही कर्मचाऱ्यांचं लैंगिक गैरवर्तन 2011 मध्ये संस्थेला कळलं. चौघांना काढलं, देशप्रमुखासह तिघांचे राजीनामे घेतले. बाहेर जे सांगितलं त्यात गैरवर्तन हा शब्द होता, ते कसलं याचा पत्ता नव्हता. फेब्रुवारी 2018 मध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’ने ते छापलं आणि दहा दिवसांत ऑक्सफॅमचे सुमारे सात हजार नियमित देणगीदार निघून गेले. चॅरिटी कमिशनच्या जून 2019च्या अहवालाने संस्थेच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले, आणि आपली प्रतिष्ठा व देणगीदारांशी असलेले संबंध जपण्याकडे तिचा कल होता असं नोंदवलं. सात वर्षं ज्यांच्यापासून गोष्ट दडवायची ते देणगीदार होते. ज्या बायका-मुलींवर ते गुदरलं, त्यांना तक्रार घेऊन जायला दारच नव्हतं.

आणि कॉलरा. संयुक्त राष्ट्रं ही काही धर्मादाय संस्था नव्हे, पण हा भाग वगळून हैतीबद्दल लिहिणं मला जमणार नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये मिरबाले गावाजवळच्या शांतिसैनिकांच्या छावणीतलं सांडपाणी आर्तिबोनीत नदीला मिळणाऱ्या ओढ्यात गेलं. हैतीत त्याआधी किमान शंभर वर्षं कॉलराची नोंद नव्हती. आठ लाखांना लागण झाली, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. छावणीतले सैनिक नेपाळहून आले होते, आणि 2011 मध्येच शास्त्रज्ञांनी हैतीतले जंतू नेपाळमधल्या जंतूंशी जुळतात हे दाखवलं. पीडितांनी अमेरिकेच्या न्यायालयात दाद मागितली. संयुक्त राष्ट्रांना कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून दावा चालला नाही. सरचिटणीस बान की-मून यांनी 1 डिसेंबर 2016 रोजी माफी मागितली, आणि ती आधी क्रेओलमध्ये उच्चारली. लोकांना समजेल अशा भाषेत एक वाक्य यायला सहा वर्षं लागली होती.

दोष सगळ्यांचा सारखा नाही, हे लिहिलं नाही तर मीही एकतर्फी होईन. डिसेंबर 2004च्या त्सुनामीनंतर आठवडाभरातच मेदसाँ साँ फ्राँतिएर या डॉक्टरांच्या संस्थेने जाहीर केलं की आमच्या त्सुनामीच्या कामाला पुरेसे पैसे जमले, आता या कामासाठी देऊ नका. इतर संस्थांचे लोक चिडले, ओघ आटेल म्हणून घाबरले. संस्थेने आधी पैसे पाठवलेल्या देणगीदारांना एकेकाला विचारलं, की तुमचे पैसे दुसऱ्या आपत्तीत वापरू का? बहुतेकांनी हो म्हटलं. हे विचारणं किती गरजेचं होतं, ते पुढच्या मूल्यमापनात दिसलं. त्सुनामीतल्या दर आपद्ग्रस्तामागे सुमारे 7,100 डॉलर जमले होते. त्याच वर्षी बांगलादेशात आलेल्या महापुरातल्या माणसामागे तीन.

गरिबांना थेट रोख पैसे देणाऱ्या गिव्हडायरेक्टलीने 2023 मध्ये आपणहून सांगितलं की काँगोमध्ये आपल्याच काही कर्मचाऱ्यांनी संगनमत करून सुमारे नऊ लाख डॉलर लाटले. कसे लाटले, आपल्याला ते वेळेत का कळलं नाही, हेही लिहिलं. देणगीदार अशी कबुली वाचून पळतात, ही भीती सगळ्या संस्थांच्या पोटात असते. मला मात्र ज्या संस्थेच्या अहवालात वर्षानुवर्षं एकही चूक नसते, तिलाच काही द्यायला हात धजत नाही.

2014 मध्ये मदतकार्याची नऊ सूत्रं आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरली. आपल्याला काय मिळायचंय हे लोकांना माहीत असावं आणि तक्रारीचं स्वागत व्हावं, हे त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. 2016 मध्ये इस्तंबूलला मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी 2020 पर्यंत पाव हिस्सा पैसा शक्य तितका थेट स्थानिकांकडे देण्याचं ठरवलं. सूत्रं पाळणं ऐच्छिक राहिलं, आणि स्थानिकांचा एकूण वाटा पाव हिश्शाच्या जवळपासही पोचला नाही.

आपल्याकडे परदेशी देणग्यांवर कडक कायदा आहे, मग आपलं बरं असेल, असं काही मित्र मला म्हणतात. 2020च्या दुरुस्तीने परदेशी पैसा स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच घ्यायचा, व्यवस्थापनावर पन्नासऐवजी वीस टक्केच खर्च करायचा, आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायचाच नाही, असं ठरलं. शेवटच्या कलमाने खेड्यातल्या छोट्या संस्था तुटल्या, कारण त्यांना मोठ्या संस्थेमार्फतच पैसे मिळत. आणि जुलै 2022 मध्ये गृह मंत्रालयाने संस्थांची वार्षिक विवरणपत्रं आपल्या संकेतस्थळावरून काढली, संस्थांनी दर तिमाहीला पावत्या जाहीर करण्याची अटही गेली. सरकारला सगळं दिसतं, गावाला पूर्वी दिसायचं तेवढंही दिसत नाही. याला मी पारदर्शकता म्हणणार नाही.

ती कशी असते, ते राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने दाखवलं. डिसेंबर 1994 मध्ये कोटकिराना गावात त्यांनी पहिली जनसुनवाई भरवली. रोजगाराच्या कामाचे मस्टर आणि बिलं मोठ्याने वाचायची. ज्याचं नाव येईल त्याने उभं राहून सांगायचं, मी या कामावर गेलो होतो की नव्हतो. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी त्या दिवशी सरकारी कागद तपासला. पुढे माहिती अधिकाराची मागणी आणि रोजगार हमीतलं सामाजिक अंकेक्षण याच वाटेने आलं. आंतरराष्ट्रीय संस्थांना कांपेशमध्ये असं करण्यापासून कोणी अडवलं होतं? एक पार, एक वाचणारा आणि क्रेओल, एवढंच लागलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात मी मावशीकडे गेलो होतो. किल्लारीच्या भूकंपात तिचं गाव पुरतं पडलं नव्हतं, दुरुस्तीच्या यादीत होतं. जागतिक बँकेच्या कर्जातून सरकारने भूकंपानंतर जो कार्यक्रम चालवला, त्यात 52 गावं नव्याने वसवली, आणि मावशीच्या गावासारख्या शेकडो गावांत लोकांनी हप्त्याहप्त्याने मिळालेल्या पैशांतून आपली घरं आपणच मजबूत केली. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या. हप्ता कधी येणार, किती येणार, भिंतीत काय घालायचं, हे त्या घरोघर सांगायच्या. मावशी काही सहायक नव्हती, पण तिची ओसरी मोठी, म्हणून गल्लीतल्या अकरा घरांचं सिमेंट तिथे उतरायचं.

मी हा विषय काढला तेव्हा ती आत गेली आणि ट्रंकेतून शंभर पानी वही घेऊन आली. कडा उंदराने खाल्लेल्या, शाई फिकी. एकेका घराला एकेक पान. किती पोती आली, कोणत्या तारखेला कोण किती घेऊन गेलं, पुढे अंगठा नाहीतर सही. दर शुक्रवारी बायका जमायच्या आणि ती हे वाचून दाखवायची. मी पानं उलटत गेलो. सातव्या घराच्या पानावर, जूनच्या एका तारखेपुढे, वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: ‘1 पोतं भिजलं. ताडपत्री मी झाकली नव्हती. माझ्यातलं 1 दिलं.’ खाली त्या घरच्या बाईचा अंगठा.

मी त्या पानाचा फोटो काढून भावाला पाठवला. तिकडे रात्र होती. सकाळी त्याचा फोन आला तो मला नाही, मावशीला. भिजलेल्या त्या पोत्याचं पुढे काय केलं, असं तो विचारत होता. दगड झाला होता त्याचा, ती म्हणाली, अजून न्हाणीपाशी आहे, पाय घासायला.